सहा दिवसांची खाडाखोड

प्रश्न : मुलगी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गुण 78 टक्के. सुपरसिमेट्रिक गेज थिअरी (कणांमधल्या बलांचा सिद्धांत) आणि स्ट्रिंग थिअरी (कण म्हणजे अतिसूक्ष्म तारा, असं मानणारा सिद्धांत) यांतल्या स्कॅटरिंगच्या, म्हणजे कणांच्या टकरींच्या, गणितांवर संशोधन करायचं म्हणते. सुपरसिमेट्री, म्हणजे दर कणाला एक जोडीदार कण असतो ही कल्पना, तर प्रयोगात सापडलीच नाही! वर्गात पहिली आलीस तरच परवानगी, असं मी बजावलं आहे. परवा तिची वही उघडून पाहिली. चार ग्लुऑनच्या एकाच गणितावर सहा दिवस घालवलेत, पानंच्या पानं खोडलेली. तिचा तेवढा वकूब नाही, हे तिला कसं पटवू? – एक वडील

उत्तर : पटवू नका. आणि तिला न विचारता तिची वही उघडणं आधी बंद करा. 78 टक्क्यांची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती तुमच्या अटीची, आणि खाडाखोड पाहून तुम्ही देऊन टाकलेल्या निकालाची.

ते गणित काय आहे, ते ऐका. ग्लुऑन म्हणजे प्रोटॉनमधल्या क्वार्कना जोडून ठेवणारे कण. दोन ग्लुऑन येतात, एकमेकांवर आदळतात, दोन बाहेर पडतात. हे ज्या ज्या प्रकारे घडू शकतं त्यांची चित्रं, म्हणजे फाइनमन आकृत्या, फक्त चार. त्यांतल्या तिघींमध्ये तीन ग्लुऑन जिथे भेटतात असे दोन-दोन बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूवर सहा पदं. म्हणजे एका आकृतीत सुरुवातीलाच 36 पदं. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या संवेगांच्या दिशांची गल्लत झाली, एक उणे चिन्ह निसटलं किंवा चारही ग्लुऑन एकाच बिंदूत भेटतात ती चौथी आकृती धरायची राहिली, की सगळं कोसळतं. कोसळलंय हे कळतं कसं? एका ग्लुऑनच्या ध्रुवीकरणाच्या (त्याच्या कंपनाची दिशा सांगणाऱ्या राशीच्या) जागी त्याचाच संवेग ठेवायचा. चारही आकृत्यांची बेरीज शून्य आली पाहिजे. नाही आली, तर चूक आहे. शिक्षकाने सांगायची गरजच नाही. तुमच्या मुलीने पानं खोडली, याचा बहुधा अर्थ एवढाच की ती हा ताळा करून पाहते आहे. हे गणित ज्या विषयातलं आहे ती क्वांटम फील्ड थिअरी बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर वर्गात शिकवतात. ती पदवीलाच तिथे पोचली आहे, हे तुमच्या नजरेतून सुटलं.

परीक्षेत तीन तासांत सुटणारी गणितं असतात. या क्षेत्रात तीन आठवडे चुकीचं उत्तर घेऊन बसावं लागतं आणि चूक कुठे आहे ते शोधावं लागतं. पहिल्या नंबराच्या अटीने त्यातलं काहीच मोजलं जात नाही.

आता सुपरसिमेट्रीबद्दल. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवण्याच्या यंत्रावर सुपरसिमेट्रीचे कण दिसले नाहीत, हे खरं. त्यामुळे ही गणितं वाया गेली, हे साफ चूक. केवळ ग्लुऑन असलेल्या टक्करींचं पहिल्या पायरीचं, म्हणजे लूप (आकृतीतला बंद वळसा) नसलेलं उत्तर साध्या सिद्धांतात आणि सुपरसिमेट्रिक सिद्धांतात तंतोतंत एकच येतं. एका लूपलाही ग्लुऑनचं योगदान सुपरसिमेट्रिक तुकड्यांत फोडता येतं; उरतो तो एका स्केलरचा, म्हणजे फिरकी नसलेल्या कणाचा, सोपा तुकडा. दोनाचे चार ग्लुऑन होतात तेव्हा आकृत्या 220, पाच होतात तेव्हा 2485. तरी ठरावीक हेलिसिटींसाठी (हेलिसिटी म्हणजे गतीच्या दिशेभोवतीची कणाची फिरकी) पार्क आणि टेलर यांनी 1986 साली दिलेलं उत्तर एका ओळीत मावतं. स्ट्रिंग थिअरीचंही तसंच. बंद तारेचं लूप नसलेलं उत्तर उघड्या तारांच्या उत्तरांच्या गुणाकारांतून मिळतं, हे त्याच वर्षी सिद्ध झालं. बंद तारांतून गुरुत्व येतं, उघड्या तारांतून ग्लुऑन. ग्लुऑनवरून गुरुत्वाचं गणित करण्याची त्यातून निघालेली वाट 2019 मध्ये एकमेकांभोवती फिरणाऱ्या कृष्णविवरांच्या गणितापर्यंत पोचली.

मुलीसाठी : चार ग्लुऑन लांबच्या वाटेने एकदा पूर्ण कर, मग तेच स्पिनर-हेलिसिटीने. चारही ग्लुऑन बाहेर जाणारे मानून सगळ्या हेलिसिटी सारख्या धरल्यास लूप नसलेलं उत्तर शून्य आलं पाहिजे. पुढे पाच ग्लुऑन, 2005 च्या पुनरावर्ती सूत्राने. त्यासाठी संमिश्र संख्या आणि रेसिड्यूचं प्रमेय हातात मुरलेलं हवं. ताळ्यासाठी संवेग परिमेय संख्यांत निवड. दशांशात गेलीस तर चूक गणिताची की पूर्णांकनाची, हे कळणार नाही. आणि संगणकावर चिन्हांची बीजगणितं करायला आत्ताच शिक. दोन लूपनंतर हाताने काही होत नाही.

प्रवेश परीक्षांचं तुम्हाला ठाऊक आहेच. पदव्युत्तरची बहुतेक ठिकाणी द्यावीच लागते. नोकरीचं मात्र लपवत नाही. पीएचडीला पाचेक वर्षं, मग दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या जागा, बहुधा वेगवेगळ्या देशांत. कायमच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. बरेच जण शेवटी सॉफ्टवेअर, डेटा किंवा वित्तक्षेत्रात जातात आणि तिथे हीच गणितं तपासण्याची सवय कामी येते. हे सगळं तिच्यासमोर मांडा, आणि निर्णय तिला घेऊ द्या.

अट आजच मागे घ्या. तिला एवढंच विचारा, 'चूक सापडली का?' ती सांगायला लागली, तर मध्येच टक्क्यांचा विषय काढू नका.