स्नेअर आपोआप का झरझरतो?

प्रश्न : मुलाने जुना ड्रमसेट आणलाय. मी पेटी घेऊन बसले की तो कोपऱ्यात नुसता उभा असताना झर्रर्र करतो. दुकानदार म्हणतो, नवा घ्या. बिघडलाय का? आणि या सगळ्या पिंप-थाळ्यांतलं काय कशाला म्हणायचं?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, काहीही बिघडलेलं नाही. पैसे जपून ठेवा.

झरझरतोय तो स्नेअर. आम्ही ऑर्केस्ट्रावाले त्याला साइड ड्रम म्हणायचो. बसणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये स्टँडवर असतो, बहुतेक १४ इंची. उलटा करून बघा : खालच्या कातड्याला (म्हणायचं कातडं किंवा पान, असतं प्लास्टिकचं) बारीक वळवळीत तारांची पट्टी टेकलेली दिसेल. वर काठी पडली की या तारा खालच्या पानावर आपटतात, म्हणून त्याचा ‘टॅक’ असा कुरकुरीत आवाज. तुमच्या पेटीचा एखादा स्वर त्या पानाशी जुळला की पान थरथरतं आणि तारा नाचायला लागतात. सतारीच्या तरफा न छेडता बोलतात ना, तसंच.

बाजूला एक खटका आहे. तो सोडला की तारा पानापासून सुटतात, मग वाजवलं तर नुसतं ‘डुम’. एकदा गणेशोत्सवात संथ गाण्याआधी मी हा खटका सोडायला विसरलो. बेस गिटारचा स्वर लागला की माझा ड्रम झर्रर्र! गाणाऱ्या बाईंनी कडव्याच्या मध्येच मागे वळून असं काही पाहिलं, की तेव्हापासून माझा हात आपोआप खटक्याकडे जातो.

जमिनीवर आडवा मोठा तो बेस किंवा किक, उजव्या पायाच्या पेडलने वाजतो. मुलाने आत उशी कोंबली असेल तर राहू द्या, घुमणं आवरतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात तसं हे नव्हे. कणकेच्या वजनाने स्वर खाली उतरतो. पखवाजिये नाना पानशांच्या इंदुरात हे मी काय सांगू!

डाव्या पायाशी एकमेकींवर पालथ्या दोन थाळ्या म्हणजे हाय-हॅट. पाय दाबून काठी मारली तर ‘टिक’, सैल सोडून ‘छस्स’, नुसत्या पायाने ‘चिप’. मुलाचा ताल कितपत पक्का आहे ते इथेच कळतं, बाकी ठोकाठोकीत नाही. उरलेले लहानमोठे ड्रम म्हणजे टॉम, ‘डुं’ ते ‘ढूम’. मोठी थाळी राइड, ‘टिंग-टिंग’ करते. क्रॅश ही थाळी काय ते तुम्हाला शेजारीच सांगतील. आवाज दाबायला रबरी पॅड घ्या.

खटका लावलेला असताना लहान टॉम वाजवला की स्नेअर फारच झरझरत असेल, तर दोघांचे स्वर जवळ आलेत. चावीने टॉमचे सगळे स्क्रू सारखे, पाव-पाव फेरा चढवा किंवा उतरवा. कुठल्या स्वराला झरझरतं ते हेरायला तुमची पेटी आहेच.