पंधरा इंची म्हणजे जास्त खर्ज, असं नसतं

गणपतीतले कार्यक्रम आणि नवरात्रातला गरबा, दोन्हीकडे बेस (म्हणजे बेस गिटार) वाजवायचा आहे. तर दहा इंची चार स्पीकरचं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, घ्यावं, बारा इंची दोनचं की पंधरा इंची एकाचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी इंच मोजणं सोडा. खर्ज किती खाली पोचणार हे स्पीकरची घडण आणि पेटीचं आकारमान मिळून ठरतं. अँपेग कंपनीचं ‘फ्रीज’ म्हणून ओळखलं जाणारं कॅबिनेट बघा: दहा इंची आठ स्पीकर, पेटी सीलबंद, वजन साठ किलोच्या वर. तरी कंपनीच्याच आकड्यांनुसार ५८ हर्ट्झला आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो. आपली जाड ई तार तर ४१ हर्ट्झची! म्हणजे मूळ स्वर त्यातून उणाच येतो. कानात भरतो तो त्याच्या दुपटीचा, ८२ हर्ट्झचा, आणि त्याच्याही वरचा. आणि नेमका हाच आवाज लोकांना ‘जाडजूड’ वाटतो.

खरा फरक पेटीच्या जातीत आहे. सीलबंद पेटीत खर्ज हळूहळू उतरतो, स्वर सुटसुटीत तुटतात. पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली पेटी तिच्या ठरलेल्या पट्टीजवळ भरपूर खर्ज देते, पण त्याखाली एकदम कोसळते. पाच तारी बेसची बी तार ३१ हर्ट्झची. ती छेडताना खर्ज वाढवायचा नॉब पूर्ण फिरवलात, तर स्पीकरचा कोन (कागदी पडदा) नुसता फडफडतो आणि एखाद दिवशी फाटतो. माझा एक गेला आहे, चूक माझीच होती.

इंचांचा परिणाम होतो तो वरच्या पट्टीत. मोठ्या कोनचा वरचा आवाज समोरच जातो, बाजूला उभ्या गायकाला बोटांची टकटक ऐकूच येत नाही. दोन स्पीकर आडवे ठेवले की हेच आणखी वाढतं. म्हणून दोन-बाराची पेटी उभी करा. वरचा स्पीकर कानाजवळ येतो आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

गरब्याच्या मैदानावर तुमचा बेस लोकांपर्यंत साउंडवाल्याच्या सिस्टिममधून जाणार, कॅबिनेट फक्त तुमच्या कानासाठी. त्यात खालची जागा ढोलाने आधीच बळकावलेली असते. तिथे खर्ज वाढवून काही हाती लागत नाही, ४०० ते ८०० हर्ट्झ थोडं उचला.

आणखी एक. बडोद्याला आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात सरावाची खोली चौदा फूट लांब होती. ई वाजली की भांडी थरथरायची आणि शेजारचे काका दार वाजवायचे. मी दोन वर्षं कॅबिनेटला दोष देत होतो. ४१ हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी जवळपास चौदा फूट भरते, हे नंतर कळलं. पेटी कोपऱ्यातून हलवली, थोडं बरं झालं.

मी तुमच्या जागी असतो तर वजनाला हलक्या नीओडिमियम चुंबकाच्या स्पीकरचं, आठ ओहमचं (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध) दोन-बारा घेतलं असतं. पोळातल्या (इकडच्या जुन्या गल्लीतल्या) अरुंद जिन्यावरून चार-दहा चढवणं हा वेगळाच व्यायाम. पुढे तसंच दुसरं जोडलंत तर दोन्ही मिळून चार ओहम होतील. हेडला, म्हणजे अँप्लिफायरला, ते चालतं का ते आधी बघा.

दुकानात स्वतःचा बेस न्या, आणि जमलं तर ढोलवाल्या मित्रालाही. एकट्याने वाजवताना सगळीच कॅबिनेटं गोड लागतात.