केबलचा हाफ स्वेटर: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

थंडी सुरू झाली की विणकामाची पत्रं वाढतात, आणि या वेळी बरीचशी पत्रं केबलच्या, म्हणजे वेणीसारखा पीळ घालून विणलेल्या, बिनबाह्यांच्या स्वेटरबद्दलच आहेत. मला तर आनंदच झाला, कारण नाशिकच्या हवेला हा प्रकार एकदम बरोबर बसतो, सकाळी गंगापूर रोडला फिरायला निघालं की हुडहुडी भरते आणि अकराचं ऊन तापलं की पूर्ण बाह्यांचा स्वेटर नको नको होतो. निफाडकरांची गोष्ट वेगळी, तिकडे पारा आपल्यापेक्षा अजून खाली जातो.

प्रश्न: मिस्टरांसाठी हाफ स्वेटर करतेय. छाती ४० इंच, ढिलाई २ इंच धरली म्हणजे पुढचा भाग २१ इंच. आधी साधा नमुना, म्हणजे मापापुरता छोटा तुकडा, विणून मोजला, इंचाला साडेपाच टाके आले, म्हणून ११६ टाके घातले. मागचा भाग साधा केला तो बरोबर २१ भरला. पुढच्या भागात सहा सहा टाक्यांच्या पाच केबल घेतल्या आणि मुंढ्यापर्यंत आल्यावर मोजलं तर साडेएकोणीस! सुया त्याच, लोकर तीच, हात माझाच. मग दीड इंच गेला कुठे? (इंदिरानगर)

उत्तर: ताई, तुमचा हिशोब चुकलेला नाही, नमुना चुकलाय. तुम्ही मोजला साधा नमुना आणि विणली केबल. केबलमध्ये तीन टाके उरलेल्या तीन टाक्यांच्या अंगावर चढतात, म्हणजे सहा टाक्यांना जेवढी रुंदी लागायला हवी तेवढी मिळतच नाही, शिवाय दोन्ही बाजूंचे उलट टाके पण आत ओढले जातात. दोन उलट, सहा सुलट, दोन उलट असे दहा टाके साध्या विणीत १.८ इंच भरले असते, तेच केबलमध्ये साधारण दीड इंच भरतात. एका केबलला ०.३ इंच, पाच केबलला दीड इंच. हाच तुमचा हरवलेला दीड इंच.

आता उपाय. बॉर्डर ११६ टाक्यांचीच ठेवा, ती उसवू नका. बॉर्डर संपली की पहिल्या ओळीत जिथे जिथे केबल येणार तिथे चार टाक्यांचे सहा करा, म्हणजे प्रत्येक केबलला दोन असे दहा टाके वाढतील आणि सुईवर १२६ होतील. काही जणी हे दहा टाके सुरुवातीलाच घालतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण बॉर्डरमध्ये पीळ नसतो, त्यामुळे ती खाली झालरीसारखी पसरते आणि कितीही धुतलं तरी बसत नाही. तसंच वर खांद्याला टाके बंद करताना ज्या केबल खांद्यापर्यंत पोचल्यात त्यांच्यावर दोनदा दोनाचा एक करत बंद करा, म्हणजे खांदा मागच्या भागाशी बरोबर जुळेल आणि शिवण फुगणार नाही.

विणलेलं काय करायचं? बॉर्डरपर्यंत उसवा. वाईट वाटेल मला माहितीये, इतके दिवस घातलेत तुम्ही, पण बाजूला पट्ट्या जोडून रुंदी वाढवली तरी छातीवर तो ओढलेलाच दिसणार. खरी लोकर असेल तर ओली करून टाचण्या लावून ताणली की थोडीफार रुंदी मिळते, पण मग केबलचा उठाव जातो आणि केबलच चपटी झाली तर एवढा खटाटोप कशासाठी केला? उसवलेल्या लोकरीची लगेच गुंडी करू नका, खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, दोनतीन ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून वाळवा, वळ्या जातात आणि पुढचे टाके एकसारखे येतात.

आणि सगळ्यांनाच सांगते, केबल करायची असेल तर नमुना केबलसकटच विणा, कमीत कमी चार इंच उंच, धुवून वाळवून मग मोजा. केबलचा पट्टा वेगळा मोजायचा, साधा भाग वेगळा मोजायचा आणि बेरीज करायची. एका संध्याकाळचं काम आहे, पण त्याच्यावर अख्खा स्वेटर उभा राहतो.

प्रश्न: मधल्या केबलच्या दोन बाजूंना दोन केबल आहेत. आठदहा ओळी वर आल्यावर दिसलं की डावीकडच्या केबलचा एक पीळ उलटा पडलाय. सगळं उसवायचं का? (पंचवटी)

उत्तर: नाही हो, अजिबात नाही! त्या केबलपर्यंत विणत या, फक्त तिचे सहा टाके सुईवरून सोडा आणि चुकलेल्या पिळापर्यंत खाली उतरा. बाजूचे टाके जागेवरच राहतात. शिडीसारखे आडवे धागे दिसतील, खालून सुरुवात करून एक एक ओळीचा धागा घ्यायचा आणि दोन छोट्या दोन-टोकी सुयांवर तेवढेच सहा टाके परत विणत वर यायचं. क्रोशाच्या सुईनं पण जमतं, पण पीळ घालताना सुयाच बऱ्या पडतात. कडेचे टाके जरा सैल दिसतील, ते धुतल्यावर बसतात.

दिशेचं लक्षात ठेवा, तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरले तर पीळ डावीकडे झुकतो, मागे धरले तर उजवीकडे. बाजूच्या दोन केबल एकमेकींच्या आरशातल्या हव्या असतील तर एकीला पुढे, दुसरीला मागे. पीळ घातलेली ओळ संपली की सुई वळवायच्या आधी एकदा सगळ्या केबलवरून नजर फिरवा, तेव्हाच सापडलं तर दोन मिनिटांत सुटतं. जादा सुई नसेल तर सेफ्टी पिन किंवा बारीक पेन्सिल चालते.

प्रश्न: मोबाईलवर एक डिझाईन मिळालं, त्यात ८ नंबरच्या सुया लिहिल्यात. मी ८ नंबरच्याच घेतल्या तरी स्वेटर लहान आणि कडक होतोय. (नाशिक रोड)

उत्तर: डिझाईन अमेरिकन असणार. आपल्याकडच्या सुयांवर जुना ब्रिटिश नंबर असतो, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन नंबर याच्या बरोबर उलटे चालतात, त्यांचा ८ म्हणजे ५ मिलिमीटर, म्हणजे आपला ६ नंबर. नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा.

प्रश्न: मेन रोडला लोकर घ्यायला गेले तर दुकानदार म्हणाला की ॲक्रिलिकच घ्या, सगळे तेच घेतात. आणि सिन्नरकडे आमच्या ओळखीचे धनगर आहेत, त्यांच्याकडची लोकर चालेल का? (सातपूर)

उत्तर: धनगरांकडची लोकर दख्खनी मेंढीची असते, जाड आणि राठ. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पण स्वेटरला टोचेल आणि तिच्यात केबल उठूनही दिसणार नाही. ॲक्रिलिक स्वस्त पडतं, धुवायला सोपं असतं, लहान मुलांच्या स्वेटरला मी पण तेच सांगते. पण मोठ्या माणसाच्या केबलच्या स्वेटरला परवडत असेल तर खरी लोकर घ्या, निदान मिश्र तरी घ्या, कारण लोकरीला लवचिकता असते, पीळ घालताना टाका ताणला जातो आणि परत जागेवर येतो. ॲक्रिलिकचा टाका ताणला की सैलच राहतो, आणि काखेत गोळे पण धरतात.

रंग एकच आणि फिकट घ्या. काळ्या, गडद निळ्या किंवा मिश्र रंगात केबल दिसतच नाही, सगळी मेहनत वाया. साध्या स्वेटरपेक्षा पाव हिस्सा लोकर जास्त धरा, म्हणजे साध्याला ३०० ग्रॅम लागत असेल तर ३७५ ते ४००, आणि सगळ्या गुंड्यांच्या लेबलवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघून घ्या.

प्रश्न: आयर्लंडच्या कोळ्यांच्या घराघराची वेगळी केबल असायची आणि समुद्रात बुडालेला माणूस त्याच्या स्वेटरवरून ओळखायचे, हे खरंय का? (कॉलेज रोड)

उत्तर: गोष्ट मनाला लागते, पण तसा पुरावा नाही. आयर्लंडच्या पश्चिमेला अरन बेटं आहेत, तिथले केबलचे स्वेटर प्रसिद्ध आहेत, पण आज आपण बघतो ती भरगच्च वीण साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, घराण्यांची खूण वगैरे नाही. १९०४ साली रंगमंचावर आलेल्या एका आयरिश नाटकात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते, ती स्वेटरवरून नाही तर मोज्यावरून, आणि डिझाईनवरून पण नाही. तिनं साठ टाके घातले होते आणि त्यातले चार सुटले होते, हे तिला आठवत असतं. स्वतःच्या हातचे टाके विणणारीला ओळखू येतात, एवढं मात्र शंभर टक्के खरं.

प्रश्न: स्वेटर तयार झाला. धुवायचा कसा, इस्त्री करू का? (देवळाली कॅम्प)

उत्तर: इस्त्री केबलवर कधीच नको, उठाव कायमचा बसतो आणि ॲक्रिलिक असेल तर वीण मेल्यासारखी लोळते. थंड पाण्यात लोकरीचा साबण घालून दहा मिनिटं ठेवा, चोळू नका, पिळू नका. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी निघून जाईल, मग दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर आडवा पसरून मापाप्रमाणे हातानं नीट करा आणि सावलीत वाळवा. दोरीवर टाकला तर ओल्या लोकरीच्या वजनानं खांदे लोंबतात. आपल्याकडे थंडीत हवा कोरडी असते त्यामुळे फार वेळ लागत नाही, मध्ये एकदा उलटला की झालं.