मेलानॉप्सिनचे कॅल्शियम सिग्नल टिपताना

पहिली चूक बहुतेकांची तीच: मेलानॉप्सिन (डोळ्यातलं प्रकाश टिपणारं प्रथिन) घातलेल्या पेशी जीकॅम्पने, म्हणजे कॅल्शियम वाढलं की हिरव्या चमकणाऱ्या सूचकाने, बघायच्या. मेलानॉप्सिन साधारण 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला जागं होतं आणि जीकॅम्पला लागतो 488 चा लेझर. म्हणजे बघायला गेलास की सिग्नल सुरू झालेलाच! लाल सूचक घे, 561 वर. त्यातही जेआरगेको1ए (jRGECO1a) हा सूचक निळ्या प्रकाशात स्वतःच चमकून फसवतो; जेआरकॅम्प1बी (jRCaMP1b) बरा.

561 सुद्धा पूर्ण निरुपद्रवी नाही; त्यानेही मेलानॉप्सिन थोडं जागं होऊ शकतं. आधी मिनिटभर नुसत्या 561 वर चित्रण कर; आधाररेषा चढली तर लेझर कमी कर. मगच निळी झलक दे.

हेक (HEK) या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींना 9-सिस रेटिनल (मेलानॉप्सिनला प्रकाश टिपायला लागणारा रेणू) लागतं, साधारण 10 मायक्रोमोलर. ते घातल्यापासून सगळं मंद लाल दिव्यात, डिश फॉइलमध्ये. फिनॉल रेड हा रंग असलेलं पेशींचं माध्यम काढून खारट बफर घाल, नाहीतर पार्श्वभूमी उजळते.

मेलानॉप्सिन नसलेल्या पेशींवर तीच झलक द्यायचीच. त्याही चमकल्या तर दोष प्रकाशाचा.

आणि संभाजीनगरचा मे महिना: एसी चालू-बंद झाला की फोकस सरकतो. स्टेज हीटर (सूक्ष्मदर्शकावर डिश गरम ठेवणारा) यूपीएसवर ठेव, तासभर आधी लाव.