पहिली स्पर्धा-रायफल जुळवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये लेथ आणि मिलिंग मशीन आहे. अमेरिकेतील नेमबाज बॅरल (नळी), अॅक्शन (काडतूस भरून उडवणारी यंत्रणा), ट्रिगर आणि स्टॉक (खांद्याला टेकणारा दस्ता) वेगवेगळे विकत घेऊन घरीच स्वतःची रायफल जुळवतात, असे व्हिडिओंत पाहिले. मला नेमबाजीच्या स्पर्धेसाठी तशी रायफल तयार करायची आहे. कोणत्या भागापासून सुरुवात करावी? (इचलकरंजी)

उत्तर : आपण पाहिलेले व्हिडिओ खोटे नाहीत, परंतु ते ज्या देशातील आहेत तिथला कायदा वेगळा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार रायफलचा केवळ रिसीव्हर हा मुख्य भाग बंदूक मानला जातो, बाकीचे बहुतेक भाग दुकानात सुटे मिळतात आणि स्वतःच्या वापरासाठी रायफल जुळवण्यास सर्वसाधारणपणे मुभा आहे, जरी काही राज्यांनी त्यावर बंधने घातली असली तरी. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ मधील ‘शस्त्रे’ या संज्ञेच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, जुळवणे किंवा दुरुस्त करणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. त्यामुळे काडतुसाच्या रायफलचा विचार वर्कशॉपच्या दाराबाहेरच ठेवावा.

मात्र आपली मूळ इच्छा स्पर्धेची असेल, तर तिची वाट बंद झालेली नाही. नवशिक्या नेमबाजाने सुरुवात दहा मीटर एअर रायफलनेच करायची असते, आणि शस्त्र नियम, २०१६ नुसार ०.१७७ बोअरपर्यंतच्या (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत) व २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सोडते, म्हणजे तिची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या घरात, त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी असते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले ती ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) स्पर्धा ०.२२ च्या काडतुसाची आहे. तिथे परवाना, क्लब आणि संघटना यांचा मार्ग लागतो आणि तो नंतरचा टप्पा आहे.

आता आपल्या लेथचे काय, हे सांगतो, कारण प्रश्नातील खरा उत्साह तिथे दिसतो. स्पर्धेच्या एअर रायफलमध्ये बॅरल, हवेचा व्हॉल्व्ह, हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर आणि ट्रिगर हे भाग कारखान्यातून आले तसेच वापरावेत. त्यांना हात लावण्यात लाभ नाही आणि धोका आहे. परंतु या यंत्रणेभोवती जे काही असते ते जवळजवळ सगळे नेमबाजाच्या शरीराप्रमाणे बदलावे लागते. खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटमागच्या पट्ट्या, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) उचलणारे स्पेसर म्हणजे चकत्या, पुढच्या हाताखालचा ठोकळा, साइट (नेम धरण्याचे साधन) उंच करणारी बैठक, बॅरलखाली बसणारी पितळी वजने ही सगळी कामे घरच्या लेथवर आणि मिलिंगवर उत्तम होतात आणि बाजारात यांनाच अवाच्या सवा किंमत पडते. करण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमपुस्तकातील मापे समोर ठेवावीत. रायफलचे वजन साइट व सर्व जोडण्यांसह ५.५ किलोपेक्षा जास्त चालत नाही. अंगठ्याचे छिद्र, अंगठ्याचा टेकू आणि तळहाताचा टेकू एअर रायफलला निषिद्ध आहेत. ५० मीटरच्या रायफलच्या बटाला (स्टॉकच्या मागच्या टोकाला) दिसणारा आकडा म्हणजे हुकही इथे चालत नाही.

प्रश्न : मुलीची उंची पाच फूट दोन इंच. क्लबने दिलेल्या रायफलने तिची मान दुखते. नवी रायफल घेण्याआधी काय पाहावे? (सांगली)

उत्तर : मान दुखते याचा अर्थ ती रायफलपर्यंत जात आहे, रायफल तिच्यापर्यंत येत नाही. हे आधी दुरुस्त केल्याशिवाय नवी रायफल घेतली, तर दोन-अडीच लाखांपुढची रक्कम खर्चूनही दुखणे तसेच राहील. माझे मत स्पष्ट आहे की पहिल्या रायफलचे पैसे यंत्रणेच्या नावावर कमी आणि स्टॉकच्या समायोजनावर जास्त खर्च व्हावेत. आजकालच्या कोणत्याही प्रतिष्ठित बनावटीची बॅरल नवशिक्याच्या हातापेक्षा कितीतरी पटीने अचूक असते. फरक पडतो तो बट, चीकपीस आणि ग्रिप (ट्रिगरच्या हाताने धरायची मूठ) किती बाजूंनी हलवता येतात यावर.

जुळवणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम मुलीला रायफलशिवाय उभे करावे : पाय खांद्याइतके फाकलेले, अंग निशाणाच्या रेषेला आडवे, डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकलेले, मान सरळ. या स्थितीत हाताची मूठ किंवा तळवा जिथे येतो तिथे रायफलचा खालचा भाग यायला हवा. तो वर राहत असेल, म्हणजे हात पुरत नसेल, तर हाताखाली ठोकळा लावावा. मुलीला खाली वाकवू नये. मग बटप्लेट वर-खाली करून रायफल डोळ्याच्या उंचीला आणावी. बरेच प्रशिक्षक इथे घाई करतात आणि बटप्लेट मधल्या खुणेवर सोडून डोके झुकवायला सांगतात. मानदुखीचे मूळ बहुधा इथेच असते. त्यानंतर ग्रिपपासून बटापर्यंतचे अंतर : उजवा हात ग्रिपवर असताना खांदा वर उचललेला किंवा पुढे ताणलेला नसावा आणि तर्जनी ट्रिगरवर सरळ मागे येणारी असावी. चीकपीस शेवटी. ते इतके उंच हवे की गालाचे हाड सहज टेकल्यावर डोळा आपोआप मागच्या साइटच्या छिद्रामागे येईल.

पडताळणी सोपी आहे. मुलीने डोळे मिटून स्थिती घ्यावी, रायफल खांद्यावर घेऊन गाल टेकवावा आणि दोन-तीन श्वासांनी डोळे उघडावेत. छिद्र डोळ्यासमोर नसेल, तर डोके न हलवता चीकपीस किंवा साइट हलवावी. डोळा सरळ आहे पण रायफल निशाणाच्या उजवीकडे-डावीकडे रोखलेली आहे, तर पायांची जागा बदलावी, हाताने ढकलू नये.

प्रत्येक समायोजनाची मोजणी मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवावी. प्रवासात स्क्रू सैल होतात, दुसरा कोणी हात लावतो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीपूर्वीच्या सरावात अभिनव बिंद्राचा पहिलाच छर्रा अपेक्षेपेक्षा फार दूर, चौथ्या कड्याच्या आसपास गेला होता. साइट वेळीच सावरल्यामुळेच पुढचे सुवर्ण शक्य झाले. नोंद असली की अशा वेळी दोन मिनिटांत जागेवर येता येते.

वजनाबाबत एकच सावधगिरी. पुढच्या बाजूला वजन वाढवल्याने रायफलचे डोलणे मंदावते, हे खरे, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला सुरुवातीपासून साडेपाच किलोची मर्यादा गाठायला लावणे चुकीचे आहे. चार-साडेचार किलोवर सुरू करून पाठीची ताकद वाढेल तसे पितळेचे तुकडे वाढवत जावे.

प्रश्न : साइटसाठी कोणती रिंग घ्यावी? लहान रिंग घेतली की जास्त अचूक नेम लागेल का? (नाशिक)

उत्तर : बहुतेकांची अशी समजूत असते, आणि ती उलटी आहे. रिंग पुढच्या साइटमध्ये बसते आणि नेम धरताना निशाणाचा काळा गोल तिच्या मधोमध दिसावा लागतो. दहा मीटरच्या निशाणावरील काळ्या गोलाचा व्यास ३०.५ मिलिमीटर आहे. डोळ्यापासून पुढची साइट सुमारे ९० सेंटिमीटरवर असेल, तर तिथे तो गोल पावणेतीन मिलिमीटरचा दिसतो. म्हणजे ३.२ मिलिमीटरची रिंग लावली, तर काळ्याभोवती पांढरी कडा इतकी बारीक राहते की श्वासाच्या डोलण्याबरोबर ती एका बाजूने नाहीशी होते, नेमबाज घाबरून थांबतो आणि क्षण निघून गेल्यावर ट्रिगर ओढतो. नवशिक्याने ४ ते ४.५ मिलिमीटरची रिंग घ्यावी. पांढरी कडा सगळीकडून सारखी दिसते की नाही हे डोळा आपोआप ओळखतो. त्यासाठी कडा बारीक असण्याची गरज नाही. डोलणे कमी झाले की रिंग लहान करण्याचा विचार करावा, त्यातही एका वेळी फार तर ०.२ मिलिमीटरने.

मागचे छिद्र डोळ्यापासून साधारण पाच ते दहा सेंटिमीटरवर असावे. त्याच्या आत पुढच्या साइटचे नळकांडे मध्यभागी आणि सगळीकडून सारख्या प्रकाशाच्या कड्यात दिसले पाहिजे. घरातील रेंजवर दिवे कमी असतील, तर छिद्र थोडे मोठे लागते. त्यासाठी छिद्र लहान-मोठे करता येणारे आयरिस घेणे उपयोगी पडते. एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही.

प्रश्न : सात हजारांची स्प्रिंगची एअरगन आहे. तिलाच चांगला स्टॉक, मॅच (स्पर्धेचा) ट्रिगर आणि पीप (बारीक छिद्राची) साइट लावून स्पर्धेची रायफल होईल का? (चंद्रपूर)

उत्तर : होणार नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे धावतो तो छर्रा बॅरलमध्ये असतानाच, आणि त्याचा झटका रायफलला हलवून मगच छर्रा बाहेर पडतो. हा हिसका दर वेळी जरा वेगळा असतो. पूर्वी काही उत्तम बनावटींनी तो जुळ्या पिस्टनने किंवा सरकत्या पाळण्याने नाहीसा केला होता, परंतु तशी रचना स्वस्त बंदुकीत नंतर बसवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक निशाणावर मध्यापासून पाव मिलिमीटर सरकले की एक दशांश गुण जातो, दहाचे कडे तर अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे; अशा मोजणीत हा हिसका प्रत्येक छर्ऱ्याला जाणवतो. ही बंदूक ट्रिगरवरचे बोट आणि श्वासाचा सराव यांसाठी ठेवावी. तिची स्प्रिंग बदलून जोर वाढवण्याच्या फंदात पडू नये. २० ज्यूलची मर्यादा ओलांडली की ती परवान्याच्या कक्षेत येते, आणि स्पर्धेला जोर लागतही नाही. ट्रिगरच्या मऊपणाचेही हेच. एअर रायफलला ट्रिगरच्या किमान वजनाचे, म्हणजे तो ओढायला लागणाऱ्या जोराचे, बंधन नाही, म्हणून कोणी काही ग्रॅमवर आणून ठेवतात. नवशिक्याच्या बोटाला ते वजन कळतच नाही आणि नेम जुळण्याआधीच छर्रा सुटतो.

प्रश्न : छर्ऱ्यांच्या डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात. कोणता घ्यावा? (पुणे)

उत्तर : हा आकडा छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. स्पर्धेचा छर्रा चपट्या तोंडाचा असतो, कारण तो कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो. कोणता आकडा आपल्या बॅरलला आवडेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. एकाच कंपनीच्या एकाच आकड्याच्या दोन बॅचमध्येही फरक पडतो. रेंजवर रायफल शिकंज्यात घट्ट धरून प्रत्येक बॅचचे दहा-दहा छर्रे दहा मीटरवर सोडावेत. ज्या बॅचची दहा भोके मिळून एका छर्ऱ्याहून थोडेच मोठे एक भोक होते, ती बॅच वर्षभराची घ्यावी. क्लबमध्ये चार जणांनी मिळून ही चाचणी केली तर खर्च वाटला जातो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नये, हे लहान मुलांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : एका नेमबाजाची जुनी रायफल अर्ध्या किमतीत मिळते आहे. घ्यावी का? (ठाणे)

उत्तर : घ्यावी, पण आधी दाबाखालची हवा साठवणाऱ्या सिलिंडरवरची तारीख पाहावी. हवेच्या सिलिंडरची मुदत सामान्यतः निर्मितीपासून दहा वर्षे असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत लावण्यास नेमबाज स्वतः जबाबदार असतो. मुदत संपली असेल, तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावी. तो २०० बारपर्यंत हळूहळू भरावा, कोरड्या हवेने. ऑक्सिजनने कधीही भरू नये, कारण तेला-ग्रीसच्या अंशाशी दाबाखालील ऑक्सिजन आला तर स्फोट होऊ शकतो. रात्रभर ठेवून सकाळी दाबमापक पाहावा. काटा खाली आला असेल, तर सील बदलावी लागतील, आणि ते काम अनुभवी तंत्रज्ञाकडेच द्यावे. विकणाऱ्याकडून मूळ पावती घ्यावी. विमानाने प्रवास करायचा झाल्यास सिलिंडर रिकामा करून न्यावा लागतो, म्हणून स्पर्धेच्या ठिकाणी हवा भरण्याची सोय आहे की नाही, हे आयोजकांना आधी विचारून घ्यावे.