फुफ्फुस गेलंच आहे, मग आता बिडी सोडून काय फायदा?

सीटी स्कॅनचा रिपोर्ट घेऊन येणारी माणसं हल्ली गूगलला आधी भेटून आलेली असतात. सिन्नरकडच्या या काकांचा मुलगा त्यातलाच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) काका सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बिडी विशीपासूनची. रिपोर्टमध्ये एम्फिसीमा, फुफ्फुसांच्या वरच्या भागात हवेच्या पोकळ्या. मुलगा म्हणाला, "मॅडम, गेलेलं फुफ्फुस परत येत नाही म्हणतात. मग बिडीवरून यांना छळायचं कशाला?" काकांनी जोरात मान डोलावली. आयता वकील मिळाला होता.

एम्फिसीमा म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी सांगितलं. ती भीती घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं.

मग कागदावर चित्र काढलं. फुफ्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. बिडीच्या धुराने तिथे सूज राहते, आणि सुजेच्या पेशींतून निघणारी एन्झाइम्स पिशव्यांच्या भिंतींतला लवचिक धागा खात राहतात. भिंती फाटतात, अनेक पिशव्यांची मिळून एकच पोकळी होते. हवा तेवढीच, पण ऑक्सिजन रक्तात उतरायला पृष्ठभाग कमी.

काकांचं म्हणणं, "हवा आतच जात नाही." खरी अडचण उलटी आहे. सैल झालेल्या इलॅस्टिकसारखं फुफ्फुस श्वास सोडताना आकसत नाही, बारीक नळ्या मिटतात आणि शिळी हवा अडकून बसते. छाती कायम फुगलेली, मग नव्या श्वासाला जागा कुठून मिळणार? ओठ शीळ घालतो तसे करून सावकाश श्वास सोडायला मी त्यांना तिथेच शिकवलं. नळ्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात, दम लवकर बसतो.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. फाटलेल्या भिंती बिडी सोडूनही जोडल्या जात नाहीत. पण अजून न फाटलेल्यांचं काय? फुफ्फुसाची ताकद वयानुसार सगळ्यांचीच घटते. धूर ओढणाऱ्यांपैकी अनेकांची फार वेगाने. बिडी थांबली की घसरणीचा हा वेग मंदावतो, साठीतही. काळ्या फुफ्फुसांचे फोटो मी कुणाला दाखवत नाही. घाबरलेला माणूस बाहेर पडून आधी बिडीच पेटवतो.

काकूंची काळजी वेगळी: "पंपाची सवय लागते ना?" नाही लागत. पंपातून, म्हणजे इनहेलरमधून, औषध थेट नळ्यांत जातं, म्हणून थोडक्यात भागतं. तो भिंती बांधून देत नाही, नळ्या मोकळ्या ठेवतो.

मला जास्त खटकलं ते दुसरंच. दम लागतो म्हणून घरच्यांनी काकांना खुर्चीत बसवून ठेवलं होतं. प्रेमापोटीच, पण वापर नसला की पायांचे स्नायू झडतात, आणि मग मोरीपर्यंत जातानाही धाप लागते. डॉक्टरांना विचारून, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रोज थोडं चालणं सुरू केलं. काकांनी लगेच विचारलं, पांडवलेणी चढता येईल का? आधी सोसायटीचा जिना, म्हटलं. निफाडकडची थंडी नाशकात उतरायच्या आत फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दलही डॉक्टरांशी बोलायला सांगितलं.

बिड्या कमी झाल्यात, जेवणानंतरची मात्र सुटत नाही. मुलाला वाटतं मी रागवावं. मी निकोटिन गमसाठी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं आणि तंबाखू सोडण्याच्या सरकारी मोफत हेल्पलाइनचा नंबर, 1800-11-2356, काकांच्याच फोनमध्ये टाकून दिला.