खूप वाचूनही पेपरात आठवत नाही, मग अभ्यास करायचा तरी कसा?

प्रश्न: रोज चार-पाच तास अभ्यास करतो. प्रत्येक धडा निदान तीनदा वाचतो, महत्त्वाच्या ओळींवर रंगीत खुणा करतो. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, पण पेपर हातात आला की आठवत नाही. परीक्षा दहा आठवड्यांवर आली आहे. माझं कुठे चुकतंय? ताई नुकतीच शाळेत शिकवायला लागली आहे. वर्गात काय केलं म्हणजे मुलांच्या लक्षात राहतं, हे तिलाही हवं आहे.

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं "वाचताना सगळं येतंय असं वाटतं" हे वाक्य माझ्या चांगलं ओळखीचं आहे. मी बरीच वर्षं गणित शिकवते. ही तक्रार घेऊन येणारी मुलं बहुतेक वेळा सगळ्यात मन लावून अभ्यास करणारीच असतात. मार्क कमी पडले की ती स्वतःच्या बुद्धीवर शंका घेतात, आणखी तास वाढवतात, झोप कमी करतात आणि पुन्हा तेच वाचत बसतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आधीच सांगते, तुमची मेहनत पुरेशी आहे आणि बुद्धीचा इथे प्रश्नच नाही.

धडा तिसऱ्यांदा वाचताना वाक्यं ओळखीची झालेली असतात, नजर भराभर पुढे सरकते आणि त्या वेगालाच आपण "येतंय" असं समजतो. पण पुस्तक उघडं असताना डोक्याला फक्त ओळख पटवायची असते. पेपरात समोर कोरं पान असतं आणि उत्तर आपलं आपण आतून काढायचं असतं. या आतून काढण्याचा सराव तुमच्या चार-पाच तासांत कुठेच नाही, तो थेट परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा होतो.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता, आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१. आपल्याला किती लक्षात राहील याचा अंदाजही मुलांना आधी विचारला होता आणि सर्वांत जास्त भरवसा वाचत राहिलेल्या गटाला होता. तुमची अडचण या निकालात जशीच्या तशी दिसते. सोपं गेलं की आपल्याला खात्री वाटते, आणि डोक्यात टिकतं मात्र ते, जे काढताना त्रास झाला होता.

तेव्हा पद्धत बदलायची ती इथे. धडा एकदा नीट समजून वाचा. मग पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि जे आठवतं ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मुद्दे, आकृती, सूत्र, जे येईल ते. पहिल्यांदा अर्धं पानही भरणार नाही आणि जीव कासावीस होईल. तेव्हा लगेच पुस्तक उघडू नका, आणखी दोन मिनिटं आठवायचा प्रयत्न करा. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं वेगळ्या रंगाने त्याच कागदावर भरा. रंगीत पेन वापरायचंच असेल तर त्याची खरी जागा ही आहे! पुढच्या वेळी काय वाचायचं हे तो रंग सांगतो, त्यामुळे सगळा धडा परत वाचावा लागत नाही. छापील ओळींवरच्या खुणांनी यातलं काहीच कळत नाही. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा खुणा करणं आणि पुन्हा वाचणं या दोन्हींची उपयुक्तता कमी ठरली. सर्वांत वर आल्या त्या दोन पद्धती म्हणजे स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागणं.

एक सावधगिरी मात्र हवी. धडा मुळात समजलाच नसेल तर कोरा कागद कोराच राहील आणि हाती फक्त निराशा येईल. नवीन विषयाच्या सुरुवातीला सोडवलेली उदाहरणं पायरी-पायरीने वाचणं हाच चांगला रस्ता आहे. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर केलेल्या कामात तेच दिसलं. नवशिक्यांना सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर नुसती गणितं सोडवायला लावण्यापेक्षा ते लवकर शिकतात. प्रत्येक पायरीला "ही इथे का आली?" असं स्वतःला विचारत वाचायचं. दोन-तीन उदाहरणं अशी समजली की मग पुस्तक मिटायचं.

आता दहा आठवड्यांचं. हर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की निरर्थक अक्षरं पाठ केली तर त्यातलं बरंच पहिल्या काही तासांतच निसटतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. त्याला आणखी एक गोष्ट दिसली. तेवढीच उजळणी एका दिवसात उरकण्याऐवजी अनेक दिवसांत विभागली तर कमी कष्टात पाठ होतं. दोन उजळण्यांमध्ये किती अंतर ठेवायचं यावर निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोठा प्रयोग केला. आठवड्याने परीक्षा असेल तर साधारण एका दिवसाचं अंतर चांगलं ठरलं, ३५ दिवसांनी असेल तर अकरा दिवसांचं, ७० दिवसांनी असेल तर तीन आठवड्यांचं. तुमच्याकडे ७० दिवसच आहेत. म्हणजे आज केलेला धडा दोन-तीन दिवसांनी एकदा, मग तीन आठवड्यांच्या सुमारास पुन्हा आणि शेवटच्या आठवड्यात एकदा, दर वेळी कोऱ्या कागदावर. हे तारखांचं गणित काटेकोर पाळायची गरज नाही. थोडं विसरल्यावर परत यायचं, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ. तीन आठवड्यांनी कागद घेऊन बसलात की अर्धं विसरलेलं असेल, आणि तेव्हा घाबरू नका. विसरत आलेलं ओढून काढलं की ते आधीपेक्षा घट्ट बसतं. रॉबर्ट ब्योर्क यांनी १९९४ मध्ये अशा कष्टांना 'हव्याशा अडचणी' म्हटलं.

व्याख्या, सनावळ्या, शब्दार्थ, रासायनिक सूत्रं यांसाठी चिठ्ठ्या करा, एका बाजूला प्रश्न आणि मागे उत्तर. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात सुचवलेली खोक्यांची युक्ती अजूनही उत्तम चालते. बरोबर आलेली चिठ्ठी पुढच्या खोक्यात जाते आणि तिची पाळी उशिरा येते, चुकलेली परत पहिल्या खोक्यात. येतं त्यावर वेळ जात नाही आणि येत नाही ते टाळता येत नाही.

गणिताबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे पुस्तकाची रचनाच मुलांना चकवते. एका प्रकरणाखालच्या स्वाध्यायात सगळी गणितं एकाच जातीची असतात. तिसऱ्या गणितापर्यंत हात आपोआप चालू लागतो, सगळी उत्तरं जुळतात. पण कोणती रीत वापरायची हे आधीच ठाऊक असतं, ते प्रकरणाच्या नावातच लिहिलेलं असतं. पेपरात प्रकरणाचं नाव नसतं. डग रोरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचा सराव केला. एकेक प्रकार संपवत गेलेल्यांची सरावातली ८९ टक्के गणितं बरोबर आली, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा प्रकार मिसळणाऱ्यांना ६३ टक्के मिळाले आणि पहिल्या गटाला फक्त २०. हा फरक पाहून मी माझ्या वर्गातला गृहपाठ देण्याची पद्धत बदलली. आता आजच्या धड्यावरची दोन-तीनच गणितं देते, बाकीची गेल्या आठवड्यातली आणि गेल्या महिन्यातली. मुलं कुरकुरतात, "बाई, हे तर झालेलं आहे" म्हणतात, आणि नेमकी त्याच झालेल्या गणितापाशी अडतात. तुम्ही घरी हेच करू शकता. तीन-चार प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर उतरवा, पिसा आणि हाताला येईल ती सोडवा. सोडवण्याआधी एवढंच तोंडाने म्हणा की ही कोणत्या रीतीची आणि कशावरून. कित्येकदा तेवढं जमलं की पुढची आकडेमोड किरकोळ असते.

झोपेच्या बाबतीत तडजोड करू नका, दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि "मी ऐकून शिकणारा, मी पाहून शिकणारा" या वाटणीत अडकू नका. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा त्या वाटणीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं असा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

आता ताईंसाठी. तुम्ही घरी पुस्तक मिटता, तसंच त्यांनी वर्गात मिटायला लावायचं. तासाची पहिली पाच मिनिटं काल, गेल्या आठवड्यात आणि गेल्या महिन्यात शिकवलेल्यातले चार प्रश्न फळ्यावर लिहायचे. मुलांनी वही न उघडता उत्तरं लिहायची, आपली आपण तपासायची आणि गुण कुठेही नोंदवायचे नाहीत. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. गुण नोंदवले की मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात, आणि मग आठवण्याचा सरावच होत नाही.

दुसरं, प्रश्न विचारल्यावर थांबायला शिकायचं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबत होते. तेच थांबणं तीन सेकंदांवर किंवा त्याहून पुढे नेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणाऱ्यांची संख्या घटली आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. ऐकायला किती क्षुल्लक वाटतं! पण वर्गासमोर उभं राहून तीन सेकंद शांत राहणं नव्या शिक्षकाला फार जड जातं. हात वर करणारी तीच चार मुलं खुणावत असतात. त्यांना थांबवून आधी सगळ्यांना वहीत उत्तर लिहायला लावावं आणि मग कुणाचंही नाव घ्यावं. असं केलं की मागच्या बाकावरच्या मुलालाही डोक्यातून काहीतरी काढावंच लागतं.

तिसरी गोष्ट एरिक माझूर यांची. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना १९९१ पासून त्यांनी व्याख्यान मधेच थांबवून संकल्पनेवर आधारित, पर्याय दिलेला प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला आपलं का बरोबर ते पटवायचं, मग पुन्हा निवडायचं. प्रश्न निवडणं हेच यातलं अवघड काम आहे. सगळ्यांना येणारा प्रश्न विचारला तर चर्चा होत नाही, कुणालाच न येणारा विचारला तर अंदाजपंचे चालतं. वर्ग साधारण अर्धा-अर्धा विभागला जाईल असा प्रश्न सापडला की पाच मिनिटांत जे घडतं ते माझ्या अर्ध्या तासाच्या समजावण्याने घडत नाही.

ताईंना एक आधीच सांगून ठेवा. मुलांना हे सुरुवातीला आवडणार नाही. हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पाहिलं की स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांना जास्त आलं, पण आपण सुबक व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. म्हणजे तुमच्या तीनदा वाचण्यातला चकवा वर्गातही तसाच असतो. "बाई शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात" हे ऐकावं लागेल. असं का करतो आहोत हे मुलांना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगितलं तर ती साथ देतात, हा माझा अनुभव आहे.

शेवटी तपासलेल्या पेपरांबद्दल. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात फक्त लेखी शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. फक्त गुण मिळालेली सुधारली नाहीत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेलीही सुधारली नाहीत, बहुधा गुण दिसले की शेऱ्याकडे लक्ष राहत नाही. म्हणून मी उत्तरपत्रिका परत देताना आधी फक्त शेरे देते, तेही "छान" किंवा "लक्ष दे" असे नाहीत, तर "तिसऱ्या पायरीत चिन्ह का बदललं?" असे. मुलांनी त्याच तासात चूक दुरुस्त करून दाखवायची, आणि गुण दुसऱ्या दिवशी. ताईंच्या शाळेत गुण लगेच देणं सक्तीचं असेल तर निदान वेगळ्या कागदावर द्यावेत. तुमच्या हातात जुन्या चाचण्यांचे पेपर असतीलच. त्यांवरचे गुण झाका, प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे आपण नेमके कुठे अडलो ते एका ओळीत लिहा आणि दहा आठवड्यांतल्या पहिल्या चिठ्ठ्या त्या ओळींच्याच करा.